चांदमारीच्या गोणी

आमच्या भाऊंनी देशासाठी रक्त सांडायची तयारी किती वेळा दाखवली, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. भाऊ म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून आम्ही मुलंही भाऊच म्हणायचो. स्वराज्य नुकतंच आलं होतं, आणि आमच्या गावात ते थोडं उशिरा पण फार जोरात आलं. विरारच्या पश्चिमेला, समुद्राच्या अलीकडे आमच्या वाड्या. केळी, पानवेली, मधून मधून नारळ. पहाटे रहाट सुरू व्हायचा तो उन्हं चढेपर्यंत कुरकुरत राहायचा, आणि त्या कुरकुरीवर भाऊंचं भाषण. पाटाचं तोंड मोकळं करताना भाषण, अंगाला तेल लावताना भाषण, ताटात भाकरी पडायच्या आधी भाषण. रहाटाचा आणि भाऊंचा सूर एकच. फरक इतकाच की रहाट कुरकुरला की पाणी यायचं.

आमच्या देव्हाऱ्याशेजारी खुंटीला एक तलवार होती. आमचे पूर्वज लढवय्ये, कुठल्याशा राजाबरोबर या किनाऱ्याला आले, असं भाऊ सांगायचे. ते कोणाशी लढले असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तुला त्यातलं कळायचं नाही." म्यान उंदरांनी खाल्लं होतं. दसऱ्याला काशीआत्या तलवारीला चिंचेने घासायची, हळदकुंकू लावायची, आणि पुन्हा टांगायची. माझ्या माहितीत आमच्या घराण्याचं शेवटचं युद्ध शेजारच्या दामूकाकांशी पाटाच्या पाण्यावरून झालं होतं आणि ते दोघंही हरले होते, कारण तोवर पाणी तिसऱ्याच्याच वाडीत शिरलं होतं.

काशीआत्या भाऊंची थोरली बहीण. लहानपणी विधवा होऊन माहेरी आली ती घराची मालकीण होऊन बसली. तिला भाऊ घाबरायचे, पण घाबरतो असं दिसू द्यायचे नाहीत, आणि ते तिला दिसायचं. आई माझी गप्प. इतकी गप्प की पाहुण्यांना ती मुकी वाटायची. ती बोलायची ते एखादं वाक्य, तेही वाढताना, पळी हातात असताना. मी सातवी होऊन घरी बसले होते. पुढचं सगळं शिक्षण वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं, म्हणून माझ्या लिहिण्यात एखाद्या ठिकाणी अर्धी बातमी आणि हिंगाचा वास आला तर सांभाळून घ्यावं.

तर गावात रक्षक दल निघालं. रक्षण कोणापासून, हे कोणी नीट सांगितलं नाही. काशीआत्याने भर ओटीवर विचारलं होतं, "अरे, चोर येतात ते केळीचे घड न्यायला येतात, आणि ते बाहेरचे नसतात. तुम्ही काय एकमेकांवर बंदुका धरणार?" हे ती आमच्या वाडीच्या बोलीत म्हणाली. ती बोली मी इथे लिहीत नाही, छापणारा त्याला चुका समजून सुधारत बसेल. पण तिच्या तोंडून ते शाळेच्या मराठीपेक्षा दुप्पट झोंबलं होतं एवढं लक्षात ठेवा. दलाला शिकवायला चंदनसारकडचे एक हवालदार यायचे. लढाईवरून परतलेले, आवाज असा की पहिल्यांदा ते "सावधान" म्हणाले तेव्हा रहाटाचा रेडा उभा राहिला. चंदनसारहून ते सायकलवर यायचे, रविवारी, नेमके भाकऱ्या तव्यावर असताना. आमच्याकडे सुक्या बोंबलाचं कालवण असलं तर कवायत लवकर संपायची.

काठ्या घेऊन कवायत झाली, डावं उजवं झालं. दामूकाकांना डावं कुठलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते शेवटच्या रांगेत असल्यामुळे काही बिघडलं नाही. मग तालुक्यातून दोन जुन्या रायफली मिळणार असं ठरलं आणि गावातल्या पुरुषांच्या मिशांचा रंगच बदलला. आता चांदमारी होणार. निशाणं लावायची, नेम धरायचा, गोळ्या झाडायच्या. जागा कोणाची? भाऊंनी लगेच आपली वाडी दिली. मान सोडतील ते भाऊ कसले? वाडीच्या टोकाला बावखल होतं. आमच्याकडचं हे जुनं गोड्या पाण्याचं तळं, पूर्वजांनी वाडीला पाणी मिळावं म्हणून खणलेलं. खणताना निघालेल्या मातीचा एक बुटका बांध अलीकडे होता. त्या बांधावर गोणी रचायच्या, गोणींपुढे निशाण, आणि केळीच्या बाजूने पुरुष पालथे पडून नेम धरणार.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. बांधाच्या मागून एक पायवाट जायची. संक्रांत उलटली की घरोघरच्या विहिरी मचूळ व्हायच्या, आणि प्यायचं पाणी मिळायचं ते फक्त बावखलाच्या काठच्या झऱ्याचं. सगळ्या आळीच्या बायका त्या पायवाटेने हंडे घेऊन जायच्या. सकाळी, आणि उन्हं कलल्यावर. आमच्या आईला तर रोज कितीदा तरी जावं लागायचं, कारण आमचं घर मोठं आणि हवालदार पाणीही बेताबेताने पीत नसत. म्हणजे एकीकडून गोळ्या, मध्ये गोणी, पलीकडून आमची आई.

ज्या दिवशी जागा ठरली त्या दिवशी जेवताना आईने कालवण वाढता वाढता विचारलं, "गोळी थांबणार कशात?"

भाऊ म्हणाले, "बायकांनी यात पडू नये."

आई म्हणाली, "पडू नये म्हणूनच विचारते." आणि पळी घेऊन पुढे गेली.

हवालदार हसले. माणूस बडबड्या होता, खादाड होता, पण आपल्या कामातलं त्यांना ठाऊक होतं, ते मी नाकारणार नाही. बोटं चाटत म्हणाले, "वहिनी, काळजी नको. गोण नीट भरलेली असली तर गोळी आत शिरते आणि झोपते. भरणी मात्र मऊ पाहिजे. बारीक, कोरडी, चाळलेली. त्यात खडा नको, कौल नको, शिंपला नको. कडक काही लागलं की गोळी माघारी फिरते, नाहीतर तुकडे उडवते. आणि भुसासारखं हलकंही नको, त्यातून ती आरपार जाते."

आमच्या ओटीवर सभा बसली. मी पानं लावून द्यायला होते, म्हणून सगळं ऐकलं. कोणीतरी म्हणालं, समुद्रावरची वाळू आणू, फुकट आहे. तर भाऊ उठून उभे राहिले. "खारी वाळू? माझ्या वाडीत? पावसात मीठ झिरपलं तर माझ्या पानवेली जाळशील!" त्यात शिंपलेही असतात, हे हवालदार म्हणाले, पण ते कोणी ऐकलं नाही, पानवेलींचं मात्र सगळ्यांना पटलं. कोणी म्हणालं मिठागरातलं मीठच भरू. त्याच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं की तो पुढची सभा होईपर्यंत बोलला नाही. शेवटी ठरलं की वाडीची माती. काळी, मऊ, चाळून घेतलेली. आणि आमच्याकडे गावजेवण असलं की जसा घरोघरचा हिस्सा असतो, कोणाचे तांदूळ, कोणाचे नारळ, तसाच इथेही प्रत्येक घराने एक गोण भरून आणायची. भाऊंनी समारोप केला. "या मातीसाठी रक्त सांडायला आम्ही तयार आहोत, तर एक गोण माती काय मोठीशी?" टाळ्या पडल्या. दामूकाकांनी तर डोळे पुसले.

काशीआत्या आतून मला म्हणाली, "बघ हं आता. रक्त देतील."

तिला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. वाडीची माती म्हणजे काय, हे ज्यांनी मातीत हात घातला नाही त्यांना कसं सांगू? आमच्या पानमळ्यातली माती तिथे मुळात नव्हतीच. खाली सगळी रेताड जमीन. दर उन्हाळ्यात बावखलाच्या तळातला गाळ उपसून डोक्यावरून आणायचा, पसरायचा, त्यात सुक्या मासळीचं खत, एरंडीची पेंड, शेण. भाऊंच्या आजोबांनी घातलेलं, त्यांच्या आजोबांनी घातलेलं. आमच्याकडे मुलगी द्यायची तर लोक घर पाहायचे नाहीत, वाडीत जाऊन चिमूटभर माती बोटांत चोळून पाहायचे. भाऊ वाडीतून घरी येताना बांधावर पाय झटकायचे, ते घर स्वच्छ राहावं म्हणून नाही, माती वाडीतच राहावी म्हणून. या माणसाने एक गोण माती द्यायचं कबूल केलं होतं.

त्या आठवड्यात आळीत फार चमत्कारिक शांतता होती. प्रत्येक घराच्या मागे फावड्याचा आवाज यायचा, तोही जेवणानंतर, बायका वामकुक्षीला टेकल्यावर. शुक्रवारी काशीआत्या मागच्या दारी गेली आणि खूश होऊन परत आली. स्वयंपाकघरामागे फुटक्या कौलांचा ढीग होता. पावसाआधी कौलं चाळून घेतली तेव्हापासून तो तिथेच पडला होता आणि आत्या रोज त्यावरून भाऊंना बोलायची. तो ढीग गायब. "भाऊला एकदाची बुद्धी झाली," ती म्हणाली, "मागचं अंगण कसं मोकळं झालंय बघ." आईने मागे जाऊन पाहिलं आणि काही न बोलता आत आली. आमच्याकडे माणसं तिला मुकी म्हणायची ती का, हे अशा वेळी कळायचं.

रविवारी गोणी आल्या. आमच्याकडे मुंबईला माल जायचा तो गोणी-करंड्यांतून, आणि प्रत्येक घराची छाप ठरलेली. दामूकाकांचा त्रिशूळ, कोणाचा मासा, कोणाची घंटा, आमची दोन पानं. दादरच्या बाजारात छाप पाहूनच ओळखायचे. तर हे सगळे आपापल्या छापेच्या गोणी घेऊन आले, आणि छाप निशाणाच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी यावी म्हणून भांडले. तालुक्याचे साहेब पहिली गोळी झाडायला येणार होते. साहेबांना आपली छाप दिसायला नको का? शेवटी मधली जागा भाऊंना मिळाली, वाडी त्यांची होती म्हणून. दोन पानं ऐन मधोमध. शेजारी त्रिशूळ.

हवालदारांनी तपासणी केली, तीही अगदी मनापासून. प्रत्येक गोणीचं तोंड सोडायला लावलं, हात आत घातला, माती मुठीत घेऊन चोळली, म्हणाले, "शाबास. लोणी आहे, लोणी!" आणि तोंडं शिवायला सांगितली. आता तुम्ही आमच्याकडचे असाल तर इथेच हसला असाल. नसाल तर सांगते. पानाचा करंडा भरताना एक रीत असते. खाली दुय्यम पानं, डागाळलेली, लहान, आणि वरचा थर मात्र असा लावायचा की व्यापाऱ्याने झाकण उघडताच त्याच्या तोंडाला पाणी सुटावं. केळीच्या घडांचंही तेच. याला आमच्याकडे कोणी फसवणूक म्हणत नाही, याला भरणं म्हणतात. पिढ्यान् पिढ्या आमच्या हातांना दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने काही भरताच येत नाही. व्यापारी हुशार असतो, तो हात तळापर्यंत घालतो. हवालदार चंदनसारचे, भातशेतीवाले. त्यांनी कोपरापर्यंतही घातला नाही.

साहेब आले. हार झाले. आमच्याकडे त्या दिवशी उकडहंडी होती, कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, सगळं एका मडक्यात कोंबून, तोंडाला पाला लावून मंद विस्तवावर ठेवलेली, आणि तिचा वास वाडीभर. पायवाटेवर लाल फडकं बांधलं होतं, म्हणजे बायकांनी तिकडे जायचं नाही. पण पाणी तर हवं, साहेबांच्या माणसांनाच चहा करायचा होता. म्हणून आई आधीच जाऊन हंडा भरून आली होती आणि गोळीबार सुरू व्हायचा होता म्हणून तिला पुरुषांच्या मागे, केळीपाशी थांबवून ठेवलं होतं. ती जागा सगळ्यांत सुरक्षित, असं हवालदारांनीच सांगितलं. आई उभी, कमरेवर भरलेला तांब्याचा हंडा. तिच्याशेजारी मी, माझ्याशेजारी आत्या.

साहेबांनी पहिली गोळी झाडली. आवाज असा झाला की बावखलावरचे बगळे उठले. निशाणाला काही झालं नाही, पण शेजारच्या त्रिशूळाला भोक पडलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत बांधापलीकडे काहीतरी फट्‌ झालं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मग भाऊ पालथे पडले. धोतर सावरलं, गाल रायफलीला लावला, आणि मला आठवतं, चाप दाबायच्या आधी त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, आपल्याला कोण कोण बघतंय ते. मग दाबलं.

दोन आवाज झाले. एक बंदुकीचा. दुसरा टण्ण. देवळातली घंटा कोणी उलट्या हाताने वाजवावी तसा. मी वळले तर आईच्या कमरेवरच्या हंड्याला पोचा पडला होता आणि पोच्याच्या मधून पाण्याची बारीक धार लागली होती. आईने खाली पाहिलं. तिच्या पायाशी शिशाचा चपटा तुकडा आणि त्याच्यासोबत लाल कौलाची एक कपची पडली होती. हंडा उजव्या कमरेवर होता म्हणून निभावलं. रोज ती डाव्या कमरेवर घ्यायची. त्या दिवशी डावीकडे मी तिचा पदर धरून उभी होते.

पाण्याची धार तेवढी पालापाचोळ्यावर पडत होती. भाऊ उठले. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. हवालदार धावत आले, हंड्याला हात लावला, आईकडे पाहिलं आणि या माणसाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "वहिनी, लागलं नाही ना?"

आई म्हणाली, "ती मधली गोण उघडा."

एवढ्या माणसांत ती बोलली होती. काशीआत्या तोवर बांधाजवळ पोचलीसुद्धा. तिने कोयत्याने दोन पानांच्या गोणीचं पोट फाडलं. वर वीतभर लोण्यासारखी माती. मग भडाभडा कौलं. कौलांमागून खाऊन टाकलेल्या तिसऱ्यांचे शिंपले, फुटकी बरणी, मोडक्या चुलीचा तुकडा, आणि माझी शाळेतली फुटलेली पाटी. सगळं आमच्या घरचं, सगळं ओळखीचं. आत्या एकेक वस्तू उचलून साहेबांसमोर मांडत होती, लग्नात रुखवत मांडतात तशी. "हा भाऊंचा हिस्सा. हा आमच्या थोरल्या जावयाने जेवायला बसून मोडलेल्या पाटाचा तुकडा. ही लोणच्याची बरणी, मांजरावर खापर फोडलं होतं बरं का आम्ही."

"आक्का, पुरे!" भाऊ म्हणाले.

"पुरे कसं? अजून त्रिशूळ आहे."

दामूकाका म्हणाले, आमच्या गोणीला काही झालेलं नाही, गोळी आत झोपली आहे. आत्याने त्रिशूळ फाडला. वर वीतभर माती, खाली तूस. भाताचं तूस. साहेबांची गोळी त्यातून दाणकन पलीकडे गेली होती. पायवाटेच्या काठच्या नारळात, बरोबर माणसाच्या छातीच्या उंचीला, तिचं भोक सापडलं. मासा फाडला, खाली खडी. घंटा फाडली, खाली फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या आणि एक जुना जोडा. आळीतल्या बायका तोवर जमल्या होत्या आणि आपापल्या घरच्या वस्तू ओळखून घेऊन जात होत्या. साहेबांना हसावं की ओरडावं कळेना. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि उकडहंडी न खाता निघून गेले. एवढं त्यांचं नुकसान आम्ही केलं.

बाजूला कोळीवाड्याची एक म्हातारी कळशी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मग आता पानी भरायला जाऊ का नको? का अजून कोनी नेम धरनार हाय?"

तेव्हा आत्याने सगळ्या पुरुषांना तिथेच, बांधावर, बसवलं. चांदमारी बंद करा असं ती म्हणाली नाही. तिचं तेच तर विशेष. म्हणाली, "देशाचं काम आहे, आम्ही अडवणार नाही. पुढच्या रविवारी करा. फक्त प्रत्येकाने आपल्या पानमळ्यातली माती आणायची. वरची नाही, तळापासून तोंडापर्यंत. आणि चाळणार आम्ही. आमच्या पिठाच्या चाळणीने. ती गोण भरलेली आम्हाला दिसली की लाल फडकं तुमचं. नाही दिसली तर वाट आमची." हवालदार म्हणाले, रास्त आहे. पुरुषांनी माना हलवल्या. इतक्या साक्षीदारांसमोर नाही कसं म्हणणार?

तो आठवडा मी विसरणार नाही. भाऊ रोज पहाटे फावडं घेऊन पानमळ्यात जायचे. मी पाट सोडायला मागे असायचे, तर दिसायचं. एका वेलीच्या मुळाशी जायचे, बसायचे, माती हातात घ्यायचे, चोळायचे, नाकाशी न्यायचे. मग म्हणायचे, "इथली नको, ही वेल नवी आहे." पुढच्या वेलीपाशी. "हिला आत्ताच पेंड घातली." त्याच्या पुढे. "ही बाबांनी लावलेली." एके दिवशी त्यांनी खरंच अर्धी गोण भरली. मी पाहिली. गोण उभी करून समोर बसून राहिले, बराच वेळ, जशी कोणाची वाट पाहावी तसे. मग गोण आडवी केली आणि तीच माती ओंजळीओंजळीने जिथली तिथे परत घातली आणि हाताने थापली. खरं सांगते, हसू आलं नाही मला तेव्हा. आईच्या हंड्याकडे पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते या गोणीकडे पाहून आलं, याचाच राग आला. आजही ते आठवलं की दोन्ही होतं, राग येतो आणि त्या थापणाऱ्या हाताची मायाही येते. दोन्हींचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

रविवार आला. बायका चाळण्या घेऊन बांधावर जाऊन बसल्या. हवालदार आले, सायकल लावली, बसले. दामूकाकांची पाठ धरली होती. मासा छापवाले सोपाऱ्याला कोणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते. घंटावाल्यांच्या म्हशीला बरं नव्हतं. भाऊ घरात होते, पण ताप आला असं म्हणून पांघरूण घेऊन पडले होते, आणि पांघरुणाबाहेर आलेल्या पायांना माती लागलेली होती. एकही गोण आली नाही. हवालदारांनी उन्हं चढेपर्यंत वाट पाहिली, तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं खाल्लं, आईला नमस्कार केला आणि गेले. पुन्हा आले नाहीत. रायफली तालुक्याला परत गेल्या. आमच्या गावाचं रक्षण त्यानंतर कोणी केलं नाही, आणि गावाला काही झालंही नाही.

लाल फडकं काशीआत्याने सोडलं आणि त्याचं फडताळ पुसायचं फडकं केलं. वाट आमची राहिली.

पुढच्या ऑगस्टात शाळेच्या पटांगणात झेंडा लागला. भाऊ बोलायला उभे राहिले. सवय ती. "या मातीसाठी आम्ही रक्त..." इथवर आले, आणि बायकांच्या बाजूने काशीआत्या मोठ्याने म्हणाली, "आणि माती?" एवढंच. भाऊ थांबले, पाणी मागितलं आणि जय हिंद म्हणून खाली बसले. त्यानंतर त्यांनी रक्ताचं नाव काढलं नाही. दुसऱ्या कशाकशावर बोलायचे. हंडा आईने डाख मारून आणला, पण पोचा काढू दिला नाही. तांबट म्हणाला, ठोकून सरळ करतो, तर म्हणाली, नको. आणि रोज भरून आणला की चुलीशेजारी असा ठेवायची की पोचा जेवायला बसणाऱ्या भाऊंच्या तोंडासमोर येईल.

आता मी तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारत आमच्याच वाडीत उभी आहे. भाऊंनी ओंजळीओंजळीने परत घातलेली ती माती माझ्या भाच्यांच्या डोळ्यांदेखत ट्रकमधून गेली, कुठे गेली विचारलं तर म्हणाले, आत्या, पाया खणताना काढावीच लागते. बावखलही गेलं. ते बुजवायला काय घालायचं यावर सभा झाली नाही. ज्याने त्याने आपापलं जुनं घर पाडलं होतं, त्याचा मलबा होताच. कौलं, विटा, चुलीचे दगड. प्रत्येक घराचा हिस्सा आला, न मागता आला, आणि या वेळी कोणाची पाठ धरली नाही. त्याच्यावर आता बाग केली आहे. घसरगुंडी आहे, बाक आहे, गुलाबाचे वाफे आहेत. नातू कौतुकाने दाखवायला घेऊन गेला. म्हणाला, "आजी, बघ, माती किती मस्त टाकली आहे, एकदम काळी."

खरंच लोण्यासारखी होती. मी वाकले, वाकता येत नाही तरी वाकले, आणि गुलाबाच्या मुळाशी हात घातला. वीतभर खाली कौल लागलं.